दुर्मिळ फुलपाखरांच्या जागेवर बांधकाम येतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या माळावर, टेकडीवर किंवा ओढ्याकाठी संकटग्रस्त फुलपाखरू आहे, आणि तिथेच मॉल, गोदामं, रिसॉर्ट किंवा गृहसंकुल उभारायचा प्रस्ताव आला आहे, अशा वेळी स्थानिक गट आणि अभ्यासक जे प्रश्न विचारतात त्यांची ही उत्तरं. कायद्याचे तपशील देशागणिक बदलतात. फुलपाखराच्या गरजा मात्र सीमा पाहून बदलत नाहीत, त्यामुळे इथला भर त्यांवर आहे.

जागेवर प्रकल्पाचा फलक लागलाय. सगळ्यात आधी काय करायचं?

हरकत नोंदवण्याची शेवटची तारीख शोधा. बाकी सगळं त्यानंतर. मुदत उलटल्यावर आलेला उत्तम पुरावासुद्धा अनेकदा फाइलला लागत नाही, आणि पुढे न्यायालयात "हा मुद्दा तेव्हा का मांडला नाही?" असा प्रश्न येतो. तारीख कळली की चार कागद मिळवा: मूळ अर्ज, हद्दीचा नकाशा, पर्यावरण परिणाम अहवाल आणि त्याची परिशिष्टं. फुलपाखरांबद्दलची खरी माहिती मुख्य अहवालात क्वचितच असते. ती परिशिष्टातल्या सर्वेक्षणाच्या तक्त्यात असते, आणि हरकतीचा सगळ्यात भक्कम मुद्दाही तिथेच सापडतो.

त्याच दिवशी एक कालपट करा. एका ओळीत प्रकल्पाच्या तारखा, दुसऱ्या ओळीत फुलपाखराचं वर्ष: अंडी, अळी, कोष आणि प्रौढ केव्हा असतात. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या की लगेच दिसतं की मुदतीच्या आत फुलपाखरू उडताना दिसणार आहे का. दिसणार नसेल तर मुदतवाढीची लेखी मागणी करा आणि कारण म्हणून हाच पट जोडा.

अधिवास नेमका कशाला म्हणायचं? भरपूर फुलं असली की झालं ना?

नाही. या गैरसमजामुळे जागा हातच्या जाऊ शकतात. प्रौढ फुलपाखरू मकरंदासाठी बऱ्याच फुलांवर जातं, पण मादी अंडी घालते ती ठरावीक वनस्पतीवर. काही प्रजातींच्या अळ्या एकाच वंशाच्या झाडांवर जगतात. पापुआ न्यू गिनीतलं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग हे जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू. त्याच्या अळ्या जंगलातल्या एका वेलीवर वाढतात. तेल-पामच्या लागवडीसाठी जंगल गेलं की वेल जाते, आणि मग आसपास कितीही फुलं असली तरी उपयोग होत नाही.

खाद्यवनस्पती असली तरी पुरत नाही. इंग्लंडमधल्या लार्ज ब्लू या फुलपाखराची अळी सुमारे तीन आठवडे थाइम या सुगंधी रोपाच्या फुलांत खाते आणि मग जमिनीवर पडते. मिर्मिका सॅब्युलेटी जातीच्या मुंग्या तिला आपलीच अळी समजून वारुळात नेतात, आणि तिथे ती सुमारे दहा महिने मुंग्यांच्या अळ्या खाऊन वाढते. ही मुंगी फक्त आखूड, उन्हानं तापणाऱ्या गवतात टिकते. चराई थांबली, आणि १९५०च्या दशकात मायक्सोमॅटोसिस रोगानं ससेही मेले. गवत काही सेंटिमीटरनं वाढलं, जमीन दोन-तीन अंशांनी थंड झाली, दुसऱ्या जातीच्या मुंग्यांनी जागा घेतली. थाइम जागेवरच होतं, फुलपाखरू मात्र १९७९ मध्ये ब्रिटनमधून नष्ट झालं.

म्हणून अधिवासाच्या नकाशावर किमान एवढं हवं: खाद्यवनस्पतींचे ताटवे, त्या काळात फुलणारी मकरंदाची झाडं, उताराची दिशा, गवताची उंची, आडोसा आणि रात्रीच्या विसाव्याच्या जागा. नर जोडीदार शोधायला टेकडीच्या माथ्यावर जमत असतील तर तो माथा, आणि क्षारांसाठी ओल्या मातीवर बसत असतील तर तो ओलावाही नकाशात हवा. माथा हा बांधकामाला सगळ्यात आकर्षक भाग असतो, आणि तो गेला की खालच्या उतारांवरच्या माद्यांना नर भेटणं अवघड होतं.

अहवालात लिहिलंय, "सदर प्रजाती आढळली नाही". मग संपलं का?

आधी तक्ता बघा: किती फेऱ्या, कोणत्या तारखा, किती वाजता, हवामान कसं, कोणी केल्या. "आढळली नाही" आणि "नाही" यांत फार अंतर आहे. एका फेरीत फुलपाखरू दिसण्याची शक्यता ३० टक्के धरली, तर पाच फेऱ्यांनंतरही ते असूनसुद्धा निसटण्याची शक्यता सुमारे १७ टक्के उरते. ती ५ टक्क्यांच्या खाली आणायला नऊ फेऱ्या लागतात, आणि त्याही उडण्याच्या काळातल्या. दोन फेऱ्यांवर बेतलेला निष्कर्ष किती पोकळ आहे हे हरकतीत अशा साध्या गणितानं दाखवता येतं.

नेहमीच्या चुका: सर्वेक्षण चुकीच्या ऋतूत, ढगाळ दिवशी किंवा भल्या सकाळी केलेलं असतं. फक्त प्रौढ मोजलेले असतात, अळ्या शोधलेल्याच नसतात. यादी जुन्या पुस्तकांतून उतरवलेली असते. आणि सगळी पाहणी प्रकल्पाच्या कुंपणाआतच, शेजारच्या ताटव्यांकडे कोणी वळलेलंही नसतं.

आपलं सर्वेक्षण कसं करायचं, म्हणजे ते मान्य होईल?

पट्टा-गणना करा. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात अर्नेस्ट पोलार्ड आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत बसवली, १९७६ पासून तिथली राष्ट्रीय फुलपाखरू-गणना तिच्यावरच चालते, आणि जगभरात ती ओळखीची आहे. एक कायमचा मार्ग आखा. सावकाश, एकसारख्या चालीनं चाला. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्या चौकटीत येणारीच फुलपाखरं मोजा. चौकटीबाहेरचं कितीही सुंदर असलं तरी ते वेगळ्या रकान्यात. अधिवास बदलेल तिथे मार्गाचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याची नोंद वेगळी ठेवा, कारण पुढे "कोणता भाग वगळायचा" हा प्रश्न आला की उत्तर याच नोंदींतून मिळतं.

ब्रिटनमधले निकष असे: आठवड्यातून एक फेरी, साधारण पावणेअकरा ते पावणेचार या वेळात, तापमान किमान १३ अंश आणि ऊन असेल तर, किंवा १७ अंशांच्या वर ढगाळ असलं तरी. उष्ण प्रदेशात दुपारी फुलपाखरं सावलीत बसतात, तिथे फेरी सकाळी उशिरा घ्यावी. वेळ कोणतीही ठरवा, ती सगळ्या फेऱ्यांत तीच ठेवा. तापमान, वारा, ढगांचं प्रमाण, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ जागेवरच लिहा. आणि ज्या फेरीत काहीच दिसलं नाही तिचीही नोंद ठेवा. शून्याच्या फेऱ्या गाळल्या की सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उडतो.

उडण्याचा काळ निघून गेलाय. आता काहीच करता येणार नाही?

येतं, आणि बऱ्याचदा तोच पुरावा जास्त वजनदार ठरतो. उडणारं फुलपाखरू "वाटेनं जाताना दिसलं" म्हणून उडवून लावता येतं. खाद्यवनस्पतीवरची अळी मात्र तिथे प्रजनन होतं हेच सांगते.

दहापट भिंग घ्या आणि झाडं क्रमानं तपासा: कोवळी पानं वरून आणि खालून, कळ्यांचे देठ, फुलांचा आतला भाग, शेवटी बुंध्याजवळचा पालापाचोळा. निळ्या कुळातल्या फुलपाखरांचं अंडं छापलेल्या पूर्णविरामाएवढं असतं. पांढरट, चपटं, भिंगाखाली जाळीदार नक्षी दिसते. रिकामं टरफलही पुरावाच आहे, त्याचाही फोटो घ्या. कळीवर मुंग्या एकाच जागी घुटमळत असतील तर तिथे थांबून नीट बघा, कारण या कुळातल्या अनेक अळ्या मुंग्यांना गोड द्राव देतात आणि त्या बदल्यात मुंग्या त्यांना राखतात. किती झाडं तपासली आणि किती झाडांवर काही सापडलं, हे दोन्ही आकडे लिहा. अंडी-अळ्या तोडून घरी नेऊ नका. संरक्षित प्रजाती असेल तर तो गुन्हाही ठरू शकतो.

यातूनच एक महत्त्वाचा मुद्दा निघतो. "फुलपाखरं नसतील त्या महिन्यांत जमीन साफ करू" असं आश्वासन विकसक नेहमी देतात. फुलपाखरं त्या महिन्यांतही तिथेच असतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मिशन ब्लू फुलपाखराची अळी लहान असतानाच ल्युपिन या तिच्या खाद्यवनस्पतीच्या बुंध्याशी सुप्तावस्थेत जाते आणि पुढच्या वसंतापर्यंत तिथेच पडून राहते. त्या काळात बुलडोझर फिरला तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण अख्खी पिढी मरते.

फोटो कसे हवेत?

पंखांची वरची आणि खालची, दोन्ही बाजू. खाद्यवनस्पतीचा स्वतंत्र फोटो. मागे ओळखू येणारी खूण, म्हणजे खांब, कडा किंवा रस्ता. मूळ फाइल जपून ठेवा, कारण मेसेजिंग ॲपवरून पाठवलेल्या प्रतीत तारीख आणि स्थान बहुतेक वेळा पुसलं जातं. काही जवळच्या प्रजाती फोटोवरून वेगळ्या करताच येत नाहीत. तिथे "अमुक गटातली" असं लिहून तज्ज्ञाचं लेखी मत जोडा. ओढूनताणून केलेली एक चुकीची ओळख सुनावणीत उघडी पडली की बाकीच्या पन्नास खऱ्या नोंदीही संशयात येतात.

नेमकं ठिकाण जाहीर करावं का?

प्राधिकरणाला अचूक अक्षांश-रेखांश द्या, आणि ते गोपनीय ठेवायची लेखी विनंती करा. जाहीरपणे ढोबळ भाग सांगा. दुर्मिळ फुलपाखरांना संग्राहकांचा बाजार आहे, आणि गर्दीनं तुडवलेला ताटवाही गेलाच. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करत असाल तर स्थान झाकण्याचा पर्याय निवडा. त्यानं जागा ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते.

कायद्यात कुठे बघायचं?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत नाव असणं म्हणजे कायदेशीर संरक्षण नव्हे. लाल यादी धोक्याचं मूल्यांकन करते, ती कोणाला अडवत नाही. सायटीस करार आंतरराष्ट्रीय व्यापारापुरता आहे. क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, पण त्यामुळे कोणाची जंगलतोड थांबत नाही. तुमच्या देशाच्या कायद्यात तीन गोष्टी शोधा: प्रजाती संरक्षित सूचीत आहे का, संरक्षण फक्त कीटकाला आहे की त्याच्या अधिवासालाही, आणि कायदा नेमका कोणाला लागू होतो.

तिसरा प्रश्न तांत्रिक वाटेल, पण कॅलिफोर्नियातल्या पॅलोस व्हर्डेस ब्लूचं प्रकरण त्यावरच अडलं. १९८०च्या दशकात त्याच्या अगदी शेवटच्या ठिकाणांपैकी एक जागा सार्वजनिक उद्यानात खेळाचं मैदान करताना गेली. नगरपालिकेवर खटला झाला. १९८८ मध्ये अपील न्यायालयानं ठरवलं की दंडाच्या कलमातल्या 'व्यक्ती'च्या व्याख्येत नगरपालिका बसत नाही. त्याच वर्षी संसदेनं व्याख्या सुधारली. फुलपाखरू मात्र संपल्यातच जमा झालं होतं. १९९४ मध्ये ते जवळच्या एका लष्करी इंधनतळावर पुन्हा सापडलं.

हरकत कशी लिहायची?

छोटी, क्रमांकवार आणि पानांचे दाखले देऊन. प्रत्येक मुद्द्यात तीन वाक्यं पुरतात: अहवालाच्या अमुक पानावर काय लिहिलंय, ते का चूक किंवा अपुरं आहे, आणि तुम्हाला नेमकं काय हवंय. "पृष्ठ ४७ वरील दोन्ही फेऱ्या प्रौढांचा काळ संपल्यानंतर झाल्या आहेत. सबब पुढील उड्डाणकाळात किमान नऊ फेऱ्या आणि खाद्यवनस्पतीवरील अळ्यांची पाहणी होईपर्यंत निर्णय स्थगित ठेवावा." अशा वाक्याला अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. "निसर्गाचा विनाश थांबवा" याची फक्त पोच मिळते. एकाच मजकुराच्या शेकडो प्रतींपेक्षा वेगवेगळे मुद्दे मांडणाऱ्या दहा हरकती जास्त कामाच्या. पोचपावती घ्या आणि जपून ठेवा.

जनसुनावणीत बोलायला काहीच मिनिटं मिळतात. नकाशा एक, मागणी एक. बाकीचं लेखी द्या आणि "हे इतिवृत्तात नोंदवावं" असं तोंडी म्हणा.

विकसक म्हणतो, "आम्ही फुलपाखरू उद्यान करून देऊ."

बहुतेक फुलपाखरू उद्यानांत मकरंदाची रंगीत झुडपं असतात, आणि तिथे येतात ती सगळीकडे सापडणारी फुलपाखरं. ज्या प्रजातीसाठी वाद आहे तिचं त्यात एकही अंडं पडत नाही. चुकीच्या लागवडीनं नुकसानही होतं: सौम्य हिवाळ्याच्या भागात मोनार्क फुलपाखरासाठी लावलेलं उष्णकटिबंधीय मिल्कवीड (त्याची खाद्यवनस्पती) वर्षभर हिरवं राहतं, त्यावर एका परजीवीचे बीजाणू साठत जातात आणि अळ्या आजारी पडतात. उद्यानाला नाही म्हणायची गरज नाही, पण ते अधिवासाच्या बदल्यात मोजू नका, हे लेखी सांगा.

मग फुलपाखरंच उचलून दुसरीकडे सोडली तर?

हा अगदी शेवटचा उपाय आहे, आणि तो सुचवणाऱ्याला पहिला प्रश्न विचारा: नवी जागा इतकी चांगली आहे, तर ते फुलपाखरू तिथे आधीपासून का नाही? कारण एकतर ती जागा त्याला चालत नाही, किंवा तिथपर्यंत ते पोचू शकत नाही. कारण न कळता सोडलेली फुलपाखरं उडून जातात किंवा पुढच्या पिढीत संपतात. लार्ज ब्लू १९८३ पासून स्वीडनमधल्या साठ्यातून ब्रिटनमध्ये पुन्हा रुजवलं गेलं आणि ते टिकलं. पण त्याआधी जेरेमी थॉमस यांनी मुंग्या, गवत आणि तापमान यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता, आणि चराई परत आणून माळ आधी तयार केले होते. शिवाय साठा द्यायला स्वीडनमध्ये फुलपाखरू शिल्लक होतं. तुमच्या टेकडीवरचं फुलपाखरू फक्त तिथेच असेल तर दुसऱ्यांदा प्रयत्न करायला काही उरत नाही.

दुसरीकडे तेवढीच जमीन देतो म्हणतात. घ्यावी?

क्रम विसरू नका: आधी नुकसान टाळा, जमलं नाही तर कमी करा, मग दुरुस्त करा, आणि भरपाई सगळ्यात शेवटी. भरपाईची वेळ आलीच तर नव्या जागेत खाद्यवनस्पती रुजलेली असली पाहिजे आणि फुलपाखरानं तिथे स्वतः प्रजनन केलेलं दिसलं पाहिजे. जुन्या जागेला हात त्यानंतरच. "पाच वर्षांत विकसित करू" हे आश्वासन पाच वर्षं उपाशी राहू न शकणाऱ्या अळीच्या काही कामाचं नाही.

निम्मी जागा सोडायला तयार आहेत. वाईट आहे का?

कोणती निम्मी, त्यावर आहे. फिनलंडच्या ऑलंड बेटांवर इल्का हान्स्की यांनी ग्लॅनव्हिल फ्रिटिलरीचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथे सुमारे चार हजार छोटी कोरडी कुरणं आहेत. दरवर्षी काही कुरणांतून फुलपाखरू नाहीसं होतं आणि काही रिकाम्या कुरणांत नव्यानं येतं. सगळं जाळं मिळून ते टिकवतं. म्हणजे आज रिकामा दिसणारा ताटवा फालतू नसतो. "इथे फुलपाखरू नाही, इथे बांधू" असं करत रिकामे ताटवे गेले की उरलेले एकटे पडतात आणि काही वर्षांत विझतात.

उरलेल्या निम्म्या भागावर शेजारच्या बांधकामाचाही परिणाम होतो: निचरा बदलतो, धूळ येते, तण घुसतं, डासांसाठी फवारणी होते. वाहनांच्या धुराचा परिणाम सहसा अहवालात येतच नाही. कॅलिफोर्नियात बे चेकरस्पॉट हे फुलपाखरू सर्पेंटाइन खडकाच्या निकस मातीवर जगतं, कारण तिथे परदेशी गवत फोफावत नाही. स्टुअर्ट वाइस यांनी दाखवलं की गाड्यांच्या धुरातून येणारा नायट्रोजन ती माती सुपीक करतो, गवत माजतं आणि अळीची छोटी रोपं दाबून टाकतं. तिथे गुरं हटवली त्या कुरणांत फुलपाखरू कोसळलं, आणि चराई चालू होती तिथे टिकलं. म्हणून वाढीव वाहतुकीचा आकडा प्रकल्पाच्या अहवालातून काढा आणि वाऱ्याच्या दिशेसह हरकतीत मांडा.

तडजोड करून कुठे काही वाचलंय का?

सगळ्यात जुना दाखला सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेच्या सॅन ब्रुनो डोंगराचा. मिशन ब्लूसाठी १९८३ मध्ये तिथे अमेरिकेतला पहिला अधिवास संवर्धन आराखडा मंजूर झाला. काही उतारांवर घरं झाली, बराच मोठा भाग मोकळा राहिला, आणि घरमालकांकडून दरवर्षी देखभालीची रक्कम घ्यायची ठरली. डोंगर वाचला, फुलपाखरूही आहे. पण गवताळ उतारांत झुडपं आणि गॉर्स हे परदेशी काटेरी झुडूप पसरत राहिले, आणि ते काढायचं काम आजही संपलेलं नाही. आमच्या मते यातून घ्यायची अट एकच: देखभालीचा निधी कायमचा आणि महागाईबरोबर वाढणारा हवा, आणि तो परवानगीआधी जमा व्हायला हवा.

परवानगी मिळालीच, तर कोणत्या अटी मागायच्या?

राखीव भागाला यंत्रं येण्याआधी कुंपण, आणि त्याच्या आत माती, दगड, वाहनं काहीही न ठेवण्याची सक्ती. राखीव भागाच्या कडेला कीटकनाशक बंद. लागवडीत स्थानिक बियाण्यापासूनची रोपं. काम थांबवण्याचा अधिकार असलेला स्वतंत्र कीटकतज्ज्ञ, ज्याचा पगार विकसकाच्या मर्जीवर नसेल. दरवर्षीची गणना जाहीर. आणि सगळ्यात दुर्लक्षित अट: संख्या ठरावीक पातळीखाली गेली तर नेमकं काय करायचं, हे आकड्यासह आधीच लिहिलेलं. "योग्य ती उपाययोजना करण्यात येईल" हे वाक्य दिसलं की ते बदलून घ्या.

परवानगीआधीच रात्रीतून जमीन साफ करायला सुरुवात झाली तर?

कुंपणाच्या आत जाऊ नका आणि यंत्रासमोर उभे राहू नका. सार्वजनिक रस्त्यावरून वेळ दिसेल असे फोटो आणि व्हिडिओ घ्या, वाहनांचे क्रमांक टिपा. त्याच तासाला पर्यावरण आणि वन खात्याला लेखी कळवा, पोच घ्या, आणि वकिलामार्फत तातडीच्या स्थगितीचा अर्ज करा. इथे तुमच्या जुन्या नोंदी कामी येतात: आधीचे फोटो आणि ताटव्यांचा नकाशा नसेल, तर तिथे काही होतं हे सिद्ध करणंच कठीण जातं. साफ झालेली जागा "आता अधिवास उरला नाही" म्हणून वगळू देऊ नका. मूल्यांकन आधीच्या स्थितीवर व्हावं अशी मागणी करा. खाद्यवनस्पतीची मुळं आणि बिया मातीत असतील, तर वरची माती हलवू न देणं हे त्या क्षणी सगळ्यात मोलाचं आहे.

जागा वाचली. आता कुंपण घालून सोडून द्यायचं ना?

लार्ज ब्लूच्या बाबतीत हेही करून झालंय. संग्राहकांपासून वाचवायला घातलेल्या कुंपणानं चरणारी जनावरंही बाहेर राहिली आणि फुलपाखरू गेलं. गवताळ अधिवासाला कापणी, चराई किंवा जाळ यांपैकी काहीतरी लागतंच. एका वर्षात एक तृतीयांशापेक्षा जास्त भागाला हात लावू नका, आणि पुढच्या वर्षी दुसरा तृतीयांश घ्या. एकाच दिवशी सगळं कापलं तर त्या वेळी गवतात असलेली अंडी, अळ्या, कोष सगळे जातात. कापलेलं गवत दोन-तीन दिवस कडेला ठेवा म्हणजे अळ्या उतरून जातील, मग जागेबाहेर न्या. ते तिथेच कुजलं तर माती सुपीक होऊन तण माजतं. पट्टा-गणना चालू ठेवा. एखाद्या वर्षी संख्या पडली तर घाबरू नका, कीटकांची संख्या हवामानानं खूप वरखाली होते. सलग तीन-चार वर्षं उतरत असेल तर आधी गवताची उंची मोजा.